कामिनो दे सांतियागो पहिल्यांदा चालताना: वाट, मुक्काम आणि सोबतीची माणसं

युरोपात पाठीवर बॅग टाकून महिनाभर भटकायचं म्हटलं की बहुतेकांचा आराखडा रेल्वेच्या पासापासून सुरू होतो. दहा शहरं, दहा हॉस्टेलं. शहरं बघून होतात, पण खोलीतली माणसं रोज बदलतात. नाव, देश, उद्या कुठे, एवढं विचारून होईस्तोवर कुणाची तरी गाडी निघायची वेळ होते. माणसं भेटावीत असं मनापासून वाटत असेल तर सरळ पायी जा. उत्तर स्पेनमधून सांतियागो दे कोंपोस्तेलाच्या कॅथीड्रलपर्यंत जाणारी कामिनो ही जुनी यात्रेची वाट त्यासाठी फार सोयीची आहे. सगळे एकाच दिशेला चाललेले, वेग जवळपास सारखा आणि मुक्कामाची गावं मोजकी. सकाळी कॉफीच्या टपरीवर दिसलेला माणूस संध्याकाळी शेजारच्या पलंगावर असतो आणि चार दिवसांनी कपडे वाळत घालताना पुन्हा भेटतो.

येशूच्या बारा शिष्यांपैकी संत जेम्स, म्हणजे स्पॅनिशमध्ये सांतियागो, यांची समाधी या कॅथीड्रलात आहे अशी श्रद्धा आहे. मध्ययुगापासून लोक तिथे चालत जातात. श्रद्धाळू असण्याची अट नाही. २०२४ साली जवळपास पाच लाख लोकांनी यात्रा पूर्ण केल्याची नोंद केली, त्यात सगळ्या धर्मांचे आणि कुठलाच धर्म न मानणारेही होते.

आपल्याकडच्या वाचकाला वारी आठवणारच. एक फरक मात्र आधीच समजून घ्यावा. वारीत दिंडी आधी ठरलेली असते, तिचा तंबू, तिचा स्वयंपाक, तिचा क्रम. इथे एकट्याने निघायचं आणि दिंडी वाटेत जमते. म्हणून कुठून सुरुवात करायची, रोज किती चालायचं, झोपायचं कुठे, हे सगळं ठरवताना एकच गोष्ट बघायची: लोकांसाठी वेळ आणि जागा उरते का.

कुठून आणि कधी

कामिनोच्या वाटा अनेक आहेत. नवख्याने कामिनो फ्रान्सेस, म्हणजे फ्रेंच वाट धरावी. ती फ्रान्सच्या हद्दीतल्या सें-झाँ-प्ये-द-पोर या गावातून निघते, पिरेनीज पर्वत ओलांडते आणि पाम्प्लोना, लोग्रोन्यो, बुर्गोस, लेओन करत सांतियागोला पोहोचते. अंतर सुमारे ७८० किलोमीटर, दिवस ३२ ते ३६. पोर्तुगालमधून येणारी वाट सोपी आणि छान आहे, पण एकट्या नवख्याला लागणारी पलंगांची, दुकानांची आणि सोबतीची दाटी फ्रेंच वाटेवर सर्वांत जास्त आहे.

महिनाभर रजा कुणाला मिळते? बहुतेकांकडे दोन आठवडे असतात. त्यांना सहसा सारियापासून चालायला सांगितलं जातं. शेवटचे सुमारे ११५ किलोमीटर, पाच-सहा दिवस, आणि शेवटी प्रमाणपत्र. सर्वांत जास्त लोक इथूनच सुरुवात करतात. आमचा सल्ला उलटा आहे. दोन आठवडे असतील तर सें-झाँपासून निघा आणि बुर्गोसला थांबा. साधारण २८५ किलोमीटर होतात. प्रमाणपत्र मिळणार नाही, कारण त्यासाठी सांतियागोपर्यंतचे शेवटचे किमान १०० किलोमीटर पायी चालावे लागतात. पण सें-झाँला त्या दिवशी निघालेले सगळे नवे असतात, घाबरलेले असतात, एकमेकांना प्रश्न विचारत असतात. सारियाला मित्रमंडळींचे आणि शाळांचे तयार गट येतात, ते आपापल्यात रमतात. उरलेली वाट पुढच्या वर्षी चाला. युरोपातले कितीतरी लोक अशीच तुकड्या-तुकड्यांनी पुरी करतात.

महिने: एप्रिलचा शेवट ते जूनचा मध्य, किंवा सप्टेंबर आणि ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन पस्तिशीच्या वर जातं आणि पलंगांसाठी पळापळ होते. हिवाळ्यात अर्ध्याहून जास्त निवारे बंद असतात, आणि पिरेनीजवरून जाणारी नेपोलियन वाट १ नोव्हेंबर ते ३१ मार्च कायद्याने बंद असते. तेव्हा खालच्या वालकार्लोस वाटेने जावं लागतं. आणखी एक हिशेब: २५ जुलै हा संत जेम्सचा दिवस रविवारी आला की ते पवित्र वर्ष मानतात. पुढचं २०२७ आहे. त्या वर्षी, विशेषतः शेवटच्या टप्प्यात, गर्दी धरूनच चाला.

व्हिसा: इथे घाई महागात पडते

भारतीय पारपत्रावर शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून एकच चालणारा व्हिसा, लागतो. सर्वाधिक रात्री ज्या देशात, त्या देशाकडे अर्ज करायचा. म्हणजे पॅरिसला उतरलात तरी अर्ज स्पेनकडेच. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्याच्या मोसमात भेटीची वेळ मिळणं हेच मोठं काम असतं, त्यामुळे तीन-चार महिने आधी हात घाला. मोठ्यांसाठी शुल्क ९० युरो. विमा किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या मुक्कामाचा हवा. पारपत्र गेल्या दहा वर्षांत काढलेलं असावं, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालावं आणि त्यात दोन कोरी पानं असावीत.

अडतं ते राहण्याच्या पुराव्यावर. नगरपालिकेचे आणि चर्चचे निवारे आरक्षण घेत नाहीत, मग ३५ रात्रींचा कागद आणायचा कुठून? खोटी बुकिंगं जोडू नका. पकडली गेली तर नकार मिळतो आणि तो पुढच्या अर्जांमागे लागतो. त्याऐवजी पहिल्या तीन-चार रात्री, मोठ्या शहरांतल्या रात्री आणि सांतियागोच्या शेवटच्या दोन रात्री खाजगी निवाऱ्यांत रद्द करता येतील अशा आरक्षित करा. बाकीच्यासाठी तारीख, गाव, अंतर असा दिवसवार तक्ता द्या आणि पायी यात्रेला जात असल्याचं पत्र जोडा. मधल्या आणखी काही रात्री खाजगी निवाऱ्यांत धरल्या तर अर्ज भक्कम होतो.

पैशांचा पुरावाही नीट बघा. प्रत्यक्षात रोज ४० ते ५५ युरो पुरतात, पण स्पेन रोजची किमान रक्कम स्वतःच्या किमान वेतनावरून ठरवतो. २०२५ साली ती माणशी रोजी सुमारे ११८ युरो होती. खात्यात तेवढं दिसलं पाहिजे. आणि दिवस मागताना हात आखडू नका. ३४ दिवसांची चाल असेल तर ४५ दिवस मागा. पाय मुरगळून चार दिवस बसावं लागलं तर व्हिसा संपतोय म्हणून पळण्याची वेळ येऊ नये.

सें-झाँला पोहोचणं

पॅरिसच्या माँपार्नास स्थानकावरून बायोनपर्यंत वेगवान गाडीने सुमारे चार तास, तिथून छोट्या गाडीने तासभर. माद्रिदकडून येणाऱ्यांनी पाम्प्लोनापर्यंत रेल्वे आणि पुढे बस घ्यावी. ही बस मोसमातच चालते, तेव्हा वेळापत्रक बघूनच विमानाचं तिकीट काढा. लांबच्या विमानप्रवासानंतर दुसऱ्याच सकाळी डोंगर चढायला घेऊ नका, एक पूर्ण रात्र सें-झाँला झोपा.

गावातल्या सितादेल रस्त्यावर यात्री कार्यालय आहे. तिथे थोडक्या युरोंत क्रेदेन्सियाल मिळतं, म्हणजे घडीचं यात्री-पारपत्र. रोजच्या मुक्कामी त्यावर शिक्का घ्यायचा. ते दाखवल्याशिवाय यात्रींच्या निवाऱ्यांत पलंग देत नाहीत. झिपच्या पिशवीत ठेवा, ओलं झालं की शिक्क्यांची शाई पसरते. त्याच रांगेत पहिली ओळख होते. पुढेमागे उभ्या असलेल्यांना "उद्या किती वाजता निघणार?" एवढं विचारलं तरी पुरतं.

पाठीवर किती

स्वतःच्या वजनाच्या दहा टक्के ही मर्यादा. पासष्ट किलोच्या माणसाला साडेसहा किलो, पाणी-खाणं वगळून. ३० ते ३६ लिटरची सॅक पुरे. मोठी घेतली तर ती भरतेच.

कपडे दोन जोड, एक अंगावर, एक दोरीवर. रोज धुवायचे. तिसरा जोड फक्त झोपण्यासाठी, हलका. मोजे मेरिनो लोकरीचे तीन जोड. पातळ स्लीपिंग बॅग, किंवा जून ते ऑगस्ट नुसतं शिवलेलं चादरीचं अस्तर. सॅकसकट झाकणारा पाँचो. लवकर वाळणारा पंचा. टर्किश टॉवेल घरी ठेवा. कानात घालायचे बोळे, आणि तेही भरपूर, कारण वीस माणसांच्या खोलीत घोरणारे किमान तिघे असतात. डोक्याचा टॉर्च तांबडा उजेड देणारा. कपड्यांसाठी चार सेफ्टी पिना, कारण चिमटे कधीच पुरत नाहीत. प्लॅस्टिकच्या पिशव्या टाळा. पहाटे पाच वाजता त्यांचा कुरकुर आवाज ज्याने ऐकलाय तो तुमच्याशी दिवसभर बोलणार नाही.

सह्याद्रीत भटकणाऱ्यांची नेहमीची चूक बुटांत होते. घोट्यावरचे जाड बूट इथे नको वाटतात. वाट बरीचशी खडीची, मातीची आणि डांबरी आहे. पायाच्या मापापेक्षा अर्धा ते एक नंबर मोठे ट्रेल शूज घ्या, कारण आठवड्यात पाय सुजतात. निघण्याआधी त्यांत किमान १०० किलोमीटर चाललेलं असावं. संध्याकाळी घालायला सँडल. चालण्याच्या काठ्या विमानाच्या केबिनमध्ये नेऊ देत नाहीत, एक तर सामानात टाका किंवा सें-झाँला विकत घ्या. घ्याच, उतारावर गुडघे त्यांच्याच भरवशावर असतात.

सराव कसा? एका दिवशी तीस किलोमीटर चालून काही कळत नाही. इथला त्रास दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या दिवसाचा आहे. लागोपाठ शनिवार-रविवार १८ ते २० किलोमीटर, भरलेल्या सॅकसह, असे पाच-सहा आठवडे करा. पहिल्याच दिवशी साधारण १२५० मीटर चढायचे आहेत. पुणेकरांनी एका दमात दोनदा सिंहगड धरावा.

पहिले तीन दिवस

पहिला दिवस सें-झाँ ते रोन्सेसवायेस, २५ किलोमीटर. ८ किलोमीटरवर ओरिसोनचं विश्रामगृह मागे पडलं की पुढे गाव नाही. दोन लिटर पाणी आणि दुपारचं खाणं तिथूनच भरून घ्या. झेपणार नाही असं वाटत असेल तर ओरिसोनलाच मुक्काम करा, पण तिथे आरक्षण फार आधी करावं लागतं. माथ्यावर धुकं उतरलं तर एकट्याने पुढे जाऊ नका, मागच्यांची वाट बघा. माथ्यावरून रोन्सेसवायेसला दोन वाटा उतरतात. बीचच्या झाडीतली सरळ आणि फार तीव्र आहे. पाऊस असेल तर इबान्येता खिंडीकडची लांब, पण सौम्य वाट घ्या. पहिल्याच दिवशी गुडघा दुखावून घेणारे याच झाडीत दुखावून घेतात.

दुसऱ्या दिवशी सुबिरीपर्यंत २२ किलोमीटर, शेवटची उतरण पाटीच्या निसरड्या दगडाची. तिसऱ्या दिवशी पाम्प्लोना, २१ किलोमीटर. हे तीन दिवस सगळ्यांबरोबरच थांबा, पुढे पळू नका. सोबत याच तीन दिवसांत जमते. पाम्प्लोनानंतर हवं तर मार्गदर्शक पुस्तकातले ठरलेले मुक्काम सोडून अलीकडच्या-पलीकडच्या लहान गावात राहा. तिथे दहा-बारा पलंग असतात, एकच टेबल असतं आणि जेवताना सगळ्यांची नावं कळतात.

वाट चुकणं अवघड आहे, कारण सगळीकडे पिवळे बाण आहेत. ओ सेब्रेइरो गावचे पाद्री एलियास वालिन्या यांनी १९८४ साली ते रंगवायला घेतले. झाड, विजेचा खांब, गोठ्याची भिंत, जिथे जागा मिळेल तिथे बाण. चुकामूक होते ती दोनच वेळी: पहाटेच्या अंधारात आणि गप्पा रंगल्यावर. दहा मिनिटांत बाण दिसला नाही तर मागे फिरा.

पाय वाचवणं

फोड येण्याआधी ती जागा गरम लागते. त्याच मिनिटाला बसा, बूट-मोजे काढा, वाळू द्या आणि कापडी टेप लावा. "पुढच्या गावात बघू" म्हणणारे पुढच्या गावात लंगडत पोहोचतात. सकाळी बोटांना आणि टाचेला व्हॅसलीन, दर दोन तासांनी मोजे बदल, ओले मोजे सॅकला बाहेर पिनेने अडकवलेले. फोड मोठा आणि टणटणीत झाला तर निर्जंतुक सुईने कडेला भोक पाडून पाणी काढा, कातडी ओढू नका, वर पट्टी. फोडावर चिकटणारी जाड जेलची पट्टी लावली तर ती आपोआप सुटेपर्यंत काढायची नाही. उपटली की कातडी सोबत येते. हिरव्या क्रॉसची खूण असलेली औषधाची दुकानं बहुतेक मोठ्या गावांत आहेत आणि तिथल्या लोकांना यात्रींचे पाय पाठ आहेत.

नडगीच्या पुढच्या बाजूला दुखलं, दाबल्यावर करकर जाणवलं, तर ती स्नायुबंधाची सूज. ती चालून बरी होत नाही. दोन दिवस थांबा, बर्फ लावा, किंवा सॅक पुढच्या गावी पाठवा. हे काम करणाऱ्या सेवा आहेत, एका टप्प्याला पाच ते सात युरो घेतात. फक्त सरकारी निवारे अशी पाठवलेली सॅक ठेवून घेत नाहीत, ती खाजगी ठिकाणीच पाठवावी लागते.

आल्बेर्गे: मुक्कामाची रीत

यात्रींच्या निवाऱ्याला आल्बेर्गे म्हणतात, सांभाळणाऱ्याला ओस्पितालेरो. सरकारी किंवा नगरपालिकेचा आल्बेर्गे स्वस्त, आठ ते बारा युरोंत, आरक्षण नाही, आधी येईल त्याला पलंग. खाजगीत बारा ते वीस, आरक्षण चालतं. तिसरा प्रकार दोनातिवो: बहुधा चर्चचा, स्वयंसेवकांनी चालवलेला, दर नाही, पेटीत यथाशक्ती टाकायचं. पुष्कळांचा यात गैरसमज होतो. दोनातिवो म्हणजे फुकट नव्हे. तुमच्या पैशांतून उद्याच्या लोकांचं जेवण होतं. जेवण आणि नाश्ता मिळत असेल तर पंधरा-वीस युरो टाकणं रास्त.

माणसं भेटायची असतील तर आठवड्यातून दोन तरी रात्री दोनातिवोत काढा. ग्रान्योनला चर्चच्या इमारतीतच जमिनीवर गाद्या टाकून झोपायचं असतं, स्वयंपाक सगळ्यांनी मिळून करायचा आणि भांडी सगळ्यांनी घासायची. कारियोन दे लोस कोंदेसला नन्स यात्रींसोबत गाणी म्हणतात आणि प्रत्येकाला आपल्या देशाचं गाणं म्हणायला सांगतात. एखादा अभंग किंवा ओवी पाठ असू द्या. चित्रपटातलं गाणंही चालेल, पण शब्द विसरले की पंचाईत.

दिवसाची घडी अशी: सहा-साडेसहाला निघणं, दुपारी एक-दोनला पोहोचणं. दारात क्रेदेन्सियाल आणि पारपत्र दाखवा. पारपत्राची नोंद कायद्याने करावी लागते. बूट आणि काठ्या बाहेरच्या फळीवर. सॅक पलंगावर ठेवायची नाही, कारण ढेकूण असाच गावोगाव प्रवास करतो. पलंग मिळताच गादीची शिवण उचलून काळे ठिपके बघा, दिसले तर शांतपणे ओस्पितालेरोला सांगा. चावे रांगेत उठले असतील तर सगळे कपडे कडक तापमानाच्या ड्रायरमध्ये तीस-चाळीस मिनिटं फिरवा. मग अंघोळ, ती पाच मिनिटांत, कारण मागे वीस जण असतात. पारपत्र, पैसे, फोन झिपच्या पिशवीत घालून न्हाणीघरातही सोबत. दहाला दिवे बंद, दारही बंद होतं. सकाळी आठपर्यंत बाहेर. आजारी नसाल तर एका ठिकाणी एकच रात्र. सॅक रात्रीच भरून ठेवा आणि सकाळची आवराआवर खोलीबाहेर करा.

खाणं, आणि शाकाहाऱ्याची कसोटी

जागोजागी यात्रींचं ठरीव जेवण मिळतं, बारा ते सोळा युरो, दोन पदार्थ, गोड, पाव आणि सोबत वाइन. वाइन नको असेल तर "आग्वा" म्हणा, कुणी आग्रह करत नाही. स्पॅनिश रात्रीचं जेवण नऊला. यात्रींसाठी सातला मिळतं. दुकानं दुपारी दोन ते पाच बंद, रविवारी गावंच बंद. शनिवारी संध्याकाळी दोन दिवसांचं खाणं घेऊन ठेवा. कारियोननंतर तर सुमारे १७ किलोमीटर एकही गाव नाही.

"मी शाकाहारी" एवढ्यावर भागत नाही. अनेक आचारी हॅम मांसात धरतच नाहीत. पूर्ण वाक्य पाठ करा: "नो कोमो कार्ने, नि हामोन, नि पेस्कादो." मांस नाही, हॅम नाही, मासे नाही. मिश्र सॅलडमध्ये ट्यूना असतोच, तेव्हा "सिन आतून". मसुराच्या आमटीत सॉसेज, गालिसियाच्या, म्हणजे सांतियागो ज्या प्रांतात आहे तिथल्या, भाजीच्या सूपमध्ये डुकराची चरबी. चालणारं म्हणजे बटाट्याची तोर्तिया, त्यात अंडं असतं, चीजचा पाव, तळलेल्या पाद्रोनच्या मिरच्या, ज्या बहुतेक गोड असतात आणि एखादीच झणका देते. अंडंही न खाणाऱ्याने स्वयंपाकघर असलेले आल्बेर्गे निवडावेत.

तसंही स्वयंपाकघर ही ओळखीची सर्वांत चांगली जागा. सहा जणांची खिचडी: ४०० ग्रॅम तांदूळ, २०० ग्रॅम लाल मसूर, सव्वादोन ते अडीच लिटर पाणी, मोठ्या पातेल्यात पंचवीस मिनिटं. कुकर नसतो, म्हणून तूर-मूग सोडा आणि मसूरच घ्या. तो मोठ्या शहरातल्या सुपरमार्केटात मिळतो. हळद म्हणजे "कुर्कुमा", जिरं म्हणजे "कोमिनो". कामिनो आणि कोमिनोत एका अक्षराचा फरक, दुकानदार हसतोच. घरून फक्त हिंग आणि काळा मसाला, दोन झिप पिशव्यांत. तूप, पेढे, बर्फी आणू नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. शेंगदाण्याची गुळाची चिक्की मात्र वाटेवर सोन्यासारखी, आणि वाटायलाही बरी. गालिसियाच्या सरकारी आल्बेर्गेंत स्वयंपाकघर चकाचक असतं, शेगडी असते, पण पातेलं-चमचा बहुधा नसतो. तिथे खिचडीचा बेत करू नका.

बोलायचं कसं, थांबायचं कुठे

वाटेवर सगळे एकमेकांना "ब्वेन कामिनो" म्हणतात. माउलीसारखंच ते, ओळख लागत नाही. पुढचा प्रश्न "कुठून चालायला लागलात?" हा कायम सुरक्षित. "का चालताय?" हा पहिल्या दिवशी टाळा. कुणी जोडीदार गमावलेला असतो, कुणी नोकरी. त्यांना सांगायचं असेल तेव्हा ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी चालता चालता आपणहून सांगतात. चालताना नजर समोर असते म्हणून बोलणं सोपं जातं. लग्न, पगार, वय हे आपले रेल्वेच्या डब्यातले प्रश्न इथे चौकशी वाटतात.

सोबत तुटणं हा इथला रिवाज आहे, अपमान नव्हे. "आज मला एकट्याने चालायचंय" असं स्पष्ट म्हणतात आणि समोरचा हसून पुढे जातो. तुम्हीही म्हणा. दुसऱ्याच्या वेगाने चालणं हे नडगी दुखावण्याचं मोठं कारण आहे: वेगळं चाला, कॉफीला भेटा, मुक्कामाचं गाव तेवढं ठरवा. दोघं मराठी एकत्र गेलात तर दिवसा वेगळे चाला. दिवसभर मराठीत बोलणाऱ्या जोडीजवळ तिसरा येऊन बसत नाही. स्पॅनिश येत नसेल तरी ओला, ग्रासियास, पोर फावोर आणि "आय कामास?", म्हणजे पलंग आहे का, एवढं शिकाच, मेसेता नावाच्या मधल्या पठारावरच्या लहान गावांत इंग्रजी कमीच.

या मेसेताबद्दल एक शब्द. बुर्गोस ते लेओनचं हे सपाट, उघडं पठार अनेक जण बसने टाळतात. टाळू नका. झाड नाही, सावली नाही, बघायला काही नाही, म्हणून लोक बोलतात. लांब गप्पा इथेच होतात. टोपी आणि दोन लिटर पाणी मात्र हवंच. हौदांवर "नो पोताब्ले" लिहिलं असेल तर ते पाणी पिऊ नका.

एकट्या बाईसाठी ही वाट बरीच सुरक्षित आहे, तरी निर्जन पट्ट्यांत त्रास देणारा माणूस भेटल्याच्या तक्रारी होतात. अंधारात एकटीने निघू नये, पुढच्या-मागच्यांना हाक ऐकू जाईल इतकं अंतर ठेवावं. तातडीचा क्रमांक ११२. स्पॅनिश पोलिसांचं अलर्टकॉप्स हे ॲप फोनवर घ्या, त्यातून ठिकाणासह मदत मागता येते.

शेवटचा टप्पा

लेओनच्या पुढे क्रुस दे फेर्रो, सुमारे १५०० मीटर, या वाटेचा सर्वांत उंच बिंदू. लोक घरून आणलेला खडा तिथल्या ढिगावर ठेवतात. आणायचा तर लहान आणा, तो पाचशे किलोमीटर वाहायचा आहे. तिथून मोलिनासेकापर्यंतची दगडी उतरण गुडघ्यांची परीक्षा घेते. पुढे ओ सेब्रेइरोचा चढ, मग गालिसिया आणि पाऊस.

सारियापासून रोज दोन शिक्के घ्या, चर्चमध्ये, कॉफीच्या दुकानात, कुठेही. मुक्काम साधारण असे: पोर्तोमारिन २२, पालास दे रेइ २५, आर्सुआ २९, ओ पेद्रोउसो १९, सांतियागो २० किलोमीटर. जुलै-ऑगस्टमध्ये इथले पलंग दोन-तीन दिवस आधी आरक्षित करा.

सांतियागोला यात्री कार्यालयात आधी ऑनलाइन नोंदणी करून रांगेचा क्रमांक घ्यायचा. प्रमाणपत्र लॅटिनमध्ये आणि मोफत असतं. अंतराचं वेगळं पत्र हवं असेल तर त्याचे थोडे पैसे पडतात. कॅथीड्रलमध्ये सॅक नेऊ देत नाहीत. प्रचंड धूपपात्र, बोताफुमेइरो, ठरावीक सणांना किंवा कुणी आधी पैसे भरून विनंती केली तरच झुलवतात.

परतीचं तिकीट पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवसाचं काढू नका. किमान दोन रात्री ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी अकरा ते दोन या वेळात कॅथीड्रलसमोरच्या ओब्रादोइरो चौकात बसा. पाम्प्लोनाला मागे पडलेले, पायाला पट्टी बांधून थांबलेले, नावही धड न कळलेले, असे एकेक जण याच वेळात चौकात शिरतात. काठ्या विमानात नेता येणार नसतील तर आल्बेर्गेत विचारा. पुष्कळ ठिकाणी दाराशी सोडून दिलेल्या काठ्यांचा पिंप असतो.